सेलू रडायला शिकली

मीरा, मागच्या रविवारी तू फोनवर विचारलंस, की विशी उलटल्यावर एखादी भाषा शिकायला घेतली तर ती त्या मुलखातल्या माणसासारखी बोलता येते का. तुझ्या वर्गातल्या सरांनी म्हणे सांगितलं, की एका वयानंतर माणसाची जीभ वळत नाही. ते ऐकून तू मराठीचं पुस्तक मिटून ठेवलंस. ईशान मागून ओरडला, आजीला विचार, ती इंग्रजीची बाई होती. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. मला इंग्रजी येतं ते लहानपणी हैदराबादच्या शाळेत घातलं म्हणून, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. या प्रश्नावर बोलायचा अधिकार माझ्या ओळखीत एकाच बाईला आहे आणि ती मला इथे केजमध्येच भेटली. तिच्याबद्दल लिहिते. अडलेले शब्द बाबांना विचारा.

आपल्या घरासमोर बालाजीचं घर आहे, ते तुम्ही पाहिलेलं आहे. बालाजी बोअरच्या गाड्यांचा एजंट. आपल्याकडे विहिरी आटल्या की लोक शेतात बोअर घेतात आणि ते पाडणाऱ्या मोठ्या गाड्या थेट तमिळनाडूतून येतात. कुणाच्या रानात गाडी न्यायची, भाव काय ठरवायचा, हे सगळं बालाजी बघायचा. एका वर्षी तो गाडीबरोबर तिकडेच गेला, बरेच दिवस राहिला आणि परत आला तो बायको घेऊन. सावळी, उंच, तिशीची बाई. तिला तमिळ सोडून काही येत नव्हतं, हिंदीसुद्धा नाही.

तिचं नाव सेल्वी. बालाजीच्या आईला, पार्वतीबाईंना, ते काही जमेना. त्यांनी तिची सेलू करून टाकली. परभणीकडे सेलू नावाचं गाव आहे, त्यामुळे गल्लीत आठवडाभर अशीच समजूत होती की बालाजीनं सेलूची पोरगी केली. ती तोंड उघडून बोलली तेव्हा लोकांना खरं कळलं.

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी तिला क्रमाने शिकवायचं ठरवलं. आधी बाराखडी, मग घरातल्या वस्तू, मग छोटी वाक्यं. ती काही दिवस मुकाट्याने आली, समोर बसून गिरवत राहिली. चार शब्द जुळवता येऊ लागले तेव्हा तिनं पहिला प्रश्न मलाच विचारला, की तुम्हाला इंग्रजी कसं आलं. मी म्हणाले, लहानपणी, शाळेत.

"लहानपनी," ती म्हणाली. "मग ते मला उपेगाचं न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

तिची स्वतःची रीत होती आणि ती मला पुढे बघून बघून कळली. ती एका वेळी एक माणूस धरायची. त्या माणसाच्या मागे मागे राहायचं, ते बोलतं तसं सगळंच्या सगळं उचलायचं, शब्द, सूर, हातवारे, काहीही न गाळता. पहिलं माणूस अर्थात सासू. त्यामुळे पहिलं वर्षभर ही तिशीतली बाई सत्तरीच्या म्हातारीसारखी बोलत होती. कमरेवर हात ठेवून "आमच्या वक्ताला असं नव्हतं बगा" म्हणायची आणि वाक्य संपलं की पार्वतीबाईंसारखी दोनदा खोकायची. गल्लीतल्या बायका हसून लोळायच्या. तिला वाटायचं खोकला मराठीतच आहे.

नंतर तिनं बाजारातली भाजीवाली हसीनाबी धरली. महिन्याभरात तिच्या तोंडी "जल्दी बोला, येळ न्हाई" आलं, घासाघीस आली, आणि ज्या शिव्या मी इथे लिहिणार नाही त्याही आल्या. पार्वतीबाईंनी एकदा कपाळावर हात मारून घेतला, पण भाजी स्वस्त येत होती, म्हणून बोलल्या नाहीत.

तिसरं माणूस तिनं धरलं ते मात्र चुकीचं. ती नणंद होती, बालाजीची थोरली बहीण शकूताई. शकूताई नेकनूरला दिलेली, पण पाय माहेरातच जास्त. तिच्यासारखं लावून बोलणं साऱ्या तालुक्यात कुणाला जमत नसेल. सेलूनं ते तिच्याकडूनच उचललं आणि एका दिवाळीला तिलाच परत केलं. शकूताई पानात जास्तीचं तूप वाढून घेत होती तेव्हा सेलू, हुबेहूब तिच्याच आवाजात, म्हणाली, "घ्या वन्सं, घ्या. तिकडं नेकनूरला म्हशी आटल्या असत्याल." सगळं घर हसलं. पार्वतीबाई सगळ्यात जास्त हसल्या. शकूताई हसली नाही. तेव्हापासून तिचं एक म्हणणं ठरून गेलं, आणि ते ती येईल त्याला ऐकवायची.

"बोलती तर बोलती. राघू बी बोलतंय. मानूस कुटलं हाय ते मातीच्या दिवशी कळतंय."

माती म्हणजे इथे अंत्यविधी. ते वाक्य सेलूच्या मनात काट्यासारखं राहिलं. ते मला उशिरा कळलं.

तिची एक सवय सांगायला हवी. वाक्य बोलून झालं की ती समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, भुवयांकडे बघायची. भुवई जराशी जरी हलली तरी तिला समजायचं की आपण कुठेतरी चुकलो, कुठे ते समजायचं नाही. मग ती तेच वाक्य वेगळ्या तऱ्हेनं म्हणायची आणि पुन्हा बघायची. तिच्याशी गप्पा मारताना मला आपला चेहरा सांभाळावा लागायचा. इतक्या वर्षांत ती माझ्या दारात बेफिकीर बसलेली मला आठवत नाही. हसायची भरपूर, पण त्या हसण्यातसुद्धा कान टवकारलेले.

एकदाच ती अगदी निवांत दिसली. घाटनांदूरला कुणाच्या तरी लग्नाला गेली होती आणि येताना जीपमध्ये एका अनोळखी बाईशी वाटभर बोलत आली. घरी न जाता आधी माझ्याकडे आली. त्या बाईनं उतरताना विचारलं होतं की तुम्ही सेलूच्या का, बोली तिकडचीच वाटते. सेलूनं हो म्हणून सांगितलं होतं. आपलं माहेर तिकडे नाही हे तिनं लपवलं याचं मला हसू आलं. तिला ते परीक्षेत पहिलं आल्यासारखं झालं होतं. मलाही मनात वाटलं, की आता हिला काय शिकायचं राहिलं?

मग पार्वतीबाई आजारी पडल्या. काळजाचं दुखणं, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. सेलू त्यांचं सगळं करत होती, आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की माझ्याकडे येऊन पायरीवर बसायची. मला वाटलं, सासूच्या काळजीनं सुकत चाललीय. तसं होतंच, पण एवढंच नव्हतं.

तुम्ही इथे असं काही पाहिलेलं नाही म्हणून सांगते. आपल्याकडे कुणी गेलं की बाया गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढून येतात. नुसतं रडणं नसतं ते. शब्द असतात. गेलेल्या माणसाला नाव घेऊन विचारतात, त्याची आठवण सांगतात, आणि घरातली बाई पुढे होऊन तिच्या गळ्यात पडते आणि तशीच शब्दांनी उत्तर देते. ते कुणी शिकवत नाही. लहानपणापासून कानावर पडलेलं असतं, वेळ आली की निघतं. सुनेनं गळा काढला नाही तर पुढे वर्षानुवर्षं बोललं जातं.

"बाई, मला भांडता येतंय," सेलू म्हणाली. "भाव करता येतंय. सपनं बी आता मराठीत पडत्यात. पन रडू मला तिकडचंच येतंय."

मी म्हणाले, मग तिकडचं रड. लोक समजून घेतील.

"लोक घेत्याल. वन्सं काय म्हनत्याल?"

मी तिला म्हटलं, त्या वेळी आपोआप सुचतं. तिनं माझ्या भुवयांकडे पाहिलं आणि उठून गेली.

तिनं मग तिच्या रीतीप्रमाणे केलं. गावात कुठे मयत झाली की ती बायांच्या मागे जाऊन बसू लागली आणि ऐकू लागली. पण ऐकलेलं म्हणून बघायचं कुठे? घरात जिवंत माणसाच्या नावानं गळा काढणं म्हणजे केवढा अपशकुन. गावाबाहेर बालाजीचं रान आहे, तिथे बोअरच्या मोटारीची पत्र्याची खोली आहे. मोटार चालू असली की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. रानात पाणी द्यायच्या निमित्तानं ती तिथे जायची, मोटार सुरू करायची आणि त्या आवाजाच्या आत उभी राहून सासूच्या नावानं गळा काढायची. आठवडाभर हे चाललं होतं आणि कुणालाही पत्ता नव्हता.

एका सकाळी लाईट गेली. आपल्याकडे ती कधीही जाते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं, पण ती रंगात आली होती. मोटार एकदम बंद पडली आणि साऱ्या शिवारात सेलूचा आवाज उभा राहिला. "माझ्या आत्या गं, मला कुनाच्या पदरात टाकून गेल्या गं." शेजारच्या रानात सोयाबीन खुरपणाऱ्या बायांनी खुरपी टाकली. एक जण तिच्याकडे धावली, बाकीच्या गावाकडे. कुणीतरी वाटेतूनच शकूताईला फोन लावला, ती आईला बघायला नेकनूरहून निघालेलीच होती.

मी त्या वेळी पार्वतीबाईंपाशीच बसले होते. सेलू रानातून येईपर्यंत मी त्यांच्याजवळ थांबायची. त्या उशीला टेकून चहा पीत होत्या. बघता बघता दारात बाया जमल्या, आत डोकावल्या आणि तशाच थबकल्या. म्हातारीनं विचारलं, काय झालं, कोण गेलं. पाठोपाठ सेलू आली, धापा टाकत, पदर चिखलात ओढत. आणि हे सगळं निस्तरायच्या आत गल्लीच्या तोंडाला जीप थांबली आणि शकूताईचा गळा ऐकू आला. ती रडत, ऊर बडवत दारापर्यंत आली, उंबऱ्यात तिला आई दिसली, हातात कपबशी.

शकूताईचा राग फुटला तो सेलूवर. "जित्या मान्सावर रडती व्हय ही? माझ्या मायीचं आयुष्य खाती." सेलू भिंतीला टेकून खाली बसली.

पार्वतीबाईंनी कपबशी खाली ठेवली. लेकीला गप्प बस म्हणाल्या, बायांना घरी जा म्हणाल्या. मग सुनेला जवळ बोलावलं. मला वाटलं रागावतील.

"काय रडत व्हतीस ते म्हन बरं," त्या म्हणाल्या. "मला ऐकू दी."

सेलू नको नको म्हणत राहिली. शेवटी तिनं खाली बघत, सूर न लावता, धडा म्हणावा तसं म्हणून दाखवलं. त्यात सासू किती प्रेमळ, किती कष्टाळू, असं सगळं होतं. म्हातारीनं मान हलवली. कवतिक कुणी ऐकत नसतं, त्या म्हणाल्या, मेलेल्याशी भांडायचं असतं. "का म्हून सोडून चाललीस म्हन. मला लोनचं शिकवायचं राहिलं म्हन. तुला तर भांडान येतंय की." आणि स्वतः सूर धरून दाखवला, बारीक आवाजात, मधे मधे दम घेत, आपल्याच नावानं. शकूताई कानांवर हात ठेवून ओसरीत निघून गेली. मलाही तिथे बसवेना.

त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या.

मातीच्या दिवशी मी सेलूच्या जवळ उभी होते. सासू गेल्याचं दुःख होतं तिला, खरंच होतं, त्या बाईनं तिला लेकीसारखं वागवलं होतं. पण तिच्या डोळ्यांत मला दुःखाच्या वर भीती दिसत होती. गल्लीच्या तोंडाला शकूताईचा गळा आला. सेलू पुढे झाली, तिच्या गळ्यात पडली आणि तिनं सुरुवात केली.

काही चुकलं नाही. सूर बरोबर, शब्द बरोबर, कुठे थांबायचं ते बरोबर. लोणचं आलं, दिवाळीचं तूप आलं, खोकला आला. ती सासूशी भांडली. अगदी या मातीतल्या बाईनं भांडावं तशी भांडली. आणि मी बघत होते, की एकेक करत बाकीच्या बाया रडायच्या थांबल्या आणि ऐकू लागल्या. शकूताईसुद्धा. सेलूच्या ते लक्षात आलं. ती तशीच म्हणत राहिली, पण तिची नजर या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर फिरू लागली.

तिसऱ्या दिवशी शकूताई ओसरीत चार जणींसमोर म्हणाली, "लई चांगलं रडली बगा. शिकवल्यावानी."

यात खोटं काही नव्हतं, म्हणून कुणाला काही बोलता आलं नाही. आयुष्य खाल्ल्याचा आरोपही हळूहळू फिरायचा तसा फिरला.

त्यानंतर सेलूचं बोलणं कमी झालं. बाजारात भाव करायची, घरात हवं नको विचारायची, पण कुणाला लावून बोलणं, नकला करणं, सगळं बंद. कधी माझ्या पायरीवर यायची आणि एकच विचारायची, कुठं चुकलं. मी जन्मभर पोरांच्या चुका शोधल्या आहेत. मी तो सगळा विलाप मनात पुन्हा पुन्हा आणून पाहिला आणि मला एकही सापडली नाही. तसं सांगितलं की तिचा चेहरा आणखीच उतरायचा. चूक सापडली असती तर सुधारता आली असती. मीरा, तुझ्या सरांना विचारण्यासारखं काही असेल तर ते हे आहे.

वर्षश्राद्धाला शकूताई आली. घरात जेमतेम बोलणं होतं दोघींचं, कामापुरतं. मी मदतीला गेले होते. सेलू वडे तळत होती, शकूताई पाटावर बसून थापून देत होती, दोघींच्या मधे परात. सेलूचा फोन वाजला. तिकडचा नंबर. हाताला पीठ होतं म्हणून तिनं कोपरानं फोन कट्ट्यावरच सरकवला आणि बोटाच्या टोकानं फोन घेऊन स्पीकर लावला. तिच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला. दोन तीन वाक्यंच. मला त्यातलं "अम्मा" एवढं कळलं.

सेलूच्या हातातला झारा खाली पडला. ती आहे तिथे जमिनीवर बसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला. "माय, माय गं," आणि मग काहीतरी, पुन्हा "माय," आणि "मी आलेच न्हाई गं, मी येते म्हनले व्हते," आणि अर्धवट तुटलेलं, ज्याला ना सूर होता ना शेवट. मधेच ती नुसती डोकं हलवत राहायची. पुन्हा तेच, "येते म्हनले व्हते." त्यात एकही वाक्य पुरं नव्हतं. सगळं मराठीत होतं.

शकूताईनं आधी गॅस बंद केला. मग पिठाच्या हातांनीच तिला धरलं आणि तीही रडू लागली, स्वतःचंच काही बोलत. शेजारच्या बाया धावत आल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवत बसलं. कुणी ऐकत नव्हतं. सेलू कुणाच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती.

फोन कट्ट्यावर चालूच होता. तिकडून बहीण गळा काढून रडत होती, तिच्या भाषेत, लांब सुरात. सूर चढायचा आणि थांबायचा, या बाजूनं कुणी उचलावा म्हणून वाट बघितल्यासारखा. काही वेळानं तो थांबलाच, आणि ती साध्या आवाजात काहीतरी विचारू लागली. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा. शेवटी घाबरून, "सेल्वी? सेल्वी?"

मी फोन उचलला. मला त्या बाईशी बोलता येईल अशी एकही भाषा माझ्याजवळ नव्हती. मी खाली वाकले आणि फोन सेलूच्या तोंडापाशी धरला.